भाजीपाल्याच्या बियाण्यातून पसरणारे विषाणू : हजारात एक बीही पुरेशी

बियाण्याच्या पाकिटावर उगवणक्षमता, शुद्धतेची टक्केवारी, लॉट क्रमांक आणि चाचणीची तारीख छापलेली असते. आतील बियांमध्ये विषाणू आहे किंवा नाही, हे सांगणारा रकाना मात्र तिथे नसतो. विषाणूग्रस्त बी बहुतेक वेळा निरोगी बीसारखीच दिसते, तशीच उगवते आणि तिच्यातून आलेले रोपही सुरुवातीचे काही दिवस इतर रोपांसारखेच वाढते. पानांवर हिरव्या-पिवळ्या रंगाची विस्कळीत नक्षी उमटू लागते, तोवर पुनर्लागवड होऊन खर्चाचा मोठा भाग शेतात गेलेला असतो.

आजवर ज्ञात असलेल्या वनस्पती विषाणूंपैकी सुमारे एक पंचमांश ते एक चतुर्थांश विषाणू कोणत्या ना कोणत्या पिकाच्या बियाण्यातून पुढच्या पिढीत जाऊ शकतात. उरलेल्यांना मावा, पांढरी माशी, फुलकिडे, कलमे किंवा कंद यांचा आधार घ्यावा लागतो. बियाण्यातून जाणाऱ्यांतही प्रमाण सहसा अल्प असते. रोगट झाडाच्या शेकडो बियांपैकी एखाद-दुसऱ्या बीमधूनच रोगी रोप निघते. तरीही रोगशास्त्रज्ञ या मार्गाला जास्त महत्त्व देतात, कारण कीटकाला न जमणाऱ्या गोष्टी बी करते. मावा काही किलोमीटर जाईल; बी टपालाने किंवा विमानाने दुसऱ्या खंडात पोहोचते. पीक नसलेल्या महिन्यांत विषाणूला जिवंत झाड हवे असते. बीमध्ये तो कोठारात पडून राहतो. शिवाय बाहेरून येणारा संसर्ग बहुधा शेताच्या बांधाकडून आत सरकतो, तर बियाण्यातील संसर्ग पहिल्याच दिवशी शेतभर विखुरलेला असतो.

सॅलिनासचा धडा

या विषयातील जुने आणि आजही उद्धृत केले जाणारे उदाहरण कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्याचे आहे. लेट्यूस या पानभाजीच्या लागवडीसाठी हे खोरे प्रसिद्ध आहे. तेथे लेट्यूस मोझॅक विषाणूने गेल्या शतकाच्या मध्यास मोठे नुकसान केले. विषाणू बियाण्यातून येतो आणि मावा तो पसरवतो, हे तोवर ठाऊक होते. प्रश्न होता, तो बियाण्यातील किती प्रमाणाचा.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील रे ग्रोगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये रोगमुक्त बियाणे हाच नियंत्रणाचा मार्ग असल्याचे दाखवून दिले. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, याच गटाने बियाण्यातील संसर्गाची टक्केवारी आणि नंतर शेतात पसरणारा रोग यांचा संबंध तपासला. हजारात एक, म्हणजे ०.१ टक्का रोगट बी हे प्रमाणही माव्याची संख्या मोठी असेल तर सुरक्षित नाही, असे त्यातून पुढे आले. त्यानंतर ३० हजार बियांच्या तपासणीत एकही रोगट बी आढळू नये, असा निकष तेथे रूढ झाला. बिया वजनाने हलक्या असल्याने ३० हजार बिया म्हणजे साधारण ३०-३५ ग्रॅम. या निकषाला डिसेंबरमधील काही काळ खोऱ्यात लेट्यूस न ठेवण्याच्या बंधनाची जोड देण्यात आली आणि रोग आटोक्यात आला.

निकषामागील गणित साधे आहे. ३० हजार बियांत शून्य रोगट बी आढळली, तर लॉटमधील संसर्ग दहा हजारांत एकाहून कमी आहे, असे सुमारे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. तीन हजार बिया तपासल्या आणि शून्य आढळली, तर हीच खात्री हजारात एकाहून कमी एवढीच देता येते. अहवालातील ‘शून्य’ हा किती बियांतील शून्य आहे, हे म्हणूनच आधी पाहावे लागते.

गर्भात की टरफलावर

विषाणू बियाण्यात शिरतो, असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात त्याच्या दोन निरनिराळ्या वाटा आहेत आणि उपाय कोणता चालेल हे त्या वाटेवर ठरते.

पहिली वाट थेट भ्रूणात जाते. वनस्पतीत विषाणू एका पेशीतून दुसरीत जातो तो पेशीभित्तिकांमधील अतिसूक्ष्म वाहिन्यांतून. मातृवृक्ष आणि वाढणारा भ्रूण यांच्यात अशी जोडणी नसते. निसर्गाने घातलेल्या या कुंपणामुळेच बहुतेक विषाणू बियाण्याबाहेर राहतात. ज्यांना आत जाता येते ते फलनापूर्वीच बीजांडात किंवा परागकणात पोहोचलेले असतात, अथवा भ्रूण अगदी कोवळा असताना एखादी तात्पुरती वाट गाठतात. वाटाण्याच्या बीजवाहित मोझॅक विषाणूची अशी वाट १९९४ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवली. भ्रूणाला आधार देणारा पेशींचा एक देठ असतो आणि तो काही दिवसांत नाहीसा होतो. विषाणू तेवढ्या अवधीत त्या देठातून आत जातो. झाडाला संसर्ग फुलोऱ्याआधी झाला की नंतर, यावर बियाण्यातील प्रमाण इतके का बदलते, याचे उत्तर इथे मिळते. घेवड्यावरील सामान्य मोझॅक हा याच प्रकारातला; तो बियाण्यातून जातो हे १९१९ मध्येच प्रसिद्ध झाले होते. चवळीवरील मोझॅकचे काही विषाणूही असेच भ्रूणातून पुढे जातात. भ्रूणात बसलेला विषाणू बी धुऊन किंवा औषध चोळून जात नाही.

दुसरी वाट वरवरची, आणि म्हणूनच फसवी. टोमॅटो, मिरची, काकडी, कलिंगड, दुधी भोपळा या पिकांना छळणारे टोबॅमो गटाचे विषाणू प्रामुख्याने बीच्या टरफलावर व टरफलात राहतात. क्वचित भ्रूणपोषापर्यंत जातात, भ्रूणात सहसा नाहीत. तंबाखूवरील मोझॅक हा या गटाचा मूळपुरुष. १८९८ मध्ये मार्टिनस बायरिंक यांनी ‘विषाणू’ ही कल्पना मांडली ती त्याच रोगाच्या अभ्यासातून. या विषाणूंचे कण काडीसारखे आणि विलक्षण टणक असतात. वाळलेल्या टरफलावर, बांबूवर, सुतळीवर, कात्रीच्या पात्यावर ते महिनोन्‌महिने टिकतात. त्यांना कीटकाची गरज नसते. कोंब टरफलाला घासून बाहेर येताना किंवा पुनर्लागवडीत रोप हाताळले जाताना पडणारी सूक्ष्म जखम त्यांना पुरते.

एका हरितगृहातून जगभर

टोमॅटोच्या तपकिरी सुरकुत्या फळ विषाणूची कथा या दुसऱ्या वाटेची आहे. इंग्रजीत ‘टोमॅटो ब्राऊन रुगोज फ्रूट व्हायरस’ असे नाव असलेला हा टोबॅमो गटातील विषाणू २०१४ च्या शरद ऋतूत दक्षिण इस्रायलमधील ओहाद या गावच्या टोमॅटोत दिसला. पुढच्या वर्षी शेजारच्या जॉर्डनमधील हरितगृहांत तो आढळला आणि २०१६ मध्ये तेथील नमुन्यांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन व नामकरण झाले. फळांवर पिवळे-तपकिरी चट्टे, सुरकुतलेली साल आणि अरुंद झालेली पाने ही त्याची लक्षणे. माणसाला त्यापासून कोणताही अपाय नाही, परंतु असे फळ बाजारात उचलले जात नाही.

जगभरातील टोमॅटो उत्पादकांना धक्का बसला तो वेगळ्याच कारणाने. संकरित टोमॅटोत ‘टीएम-टू-स्क्वेअर’ नावाचे प्रतिकारक जनुक असते. टोमॅटो मोझॅक विषाणूला या जनुकाने अर्धशतकाहून अधिक काळ थोपवले होते. नव्या विषाणूसमोर ते निष्प्रभ ठरले. २०१८ मध्ये मेक्सिको, अमेरिका, जर्मनी व इटली, २०१९ मध्ये ब्रिटन, नेदरलँड्स व चीन अशी नोंदींची मालिका सुरू झाली. एवढी अंतरे इतक्या झपाट्याने ओलांडणारे साधन म्हणून संशय प्रथम बियाण्यावर आणि रोपांवर गेला. युरोपीय संघाने १ नोव्हेंबर २०१९ पासून टोमॅटो व मिरचीच्या बियाण्यावर आणीबाणीचे निर्बंध लागू केले. त्याच महिन्यात अमेरिकेनेही आयात बियाण्याच्या तपासणीचा आदेश काढला.

प्रयोगांतील आकडे मात्र लहान आहेत. इटलीतील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संसर्गित फळांतील बियांपासून उगवलेल्या रोपांपैकी बीजदलांत २.८ टक्के आणि तिसऱ्या खऱ्या पानापर्यंत १.८ टक्के रोपांत विषाणू सापडला. पुढील काही चाचण्यांत प्रमाण याहून पुष्कळ कमी भरले. पण भाजीपाल्याची रोपे आज वाफ्यावर कमी आणि प्लास्टिकच्या ट्रेमध्ये लाखांनी तयार होतात. एखाद्या रोपवाटिकेने दहा लाख बिया पेरल्या, त्यांपैकी हजारात एक बी दूषित असली आणि दूषित बियांपैकी तीन टक्क्यांतून रोगी रोप निघाले, असे समजू. म्हणजे एक हजार दूषित बिया आणि सुमारे तीस रोगी रोपे. ही तीस रोपे ट्रेमधून उचलताना, विरळणी करताना, गाडीत भरताना शेजारच्या रोपांना लागतात आणि ट्रेगणिक निरनिराळ्या शेतांत जातात. पुढे झाडाची बगलफूट काढणारा प्रत्येक हात तो संसर्ग ओळीने पुढे नेतो. हरितगृहांत परागीभवनासाठी सोडले जाणारे भुंगेही त्याचे वाहक ठरल्याचे इस्रायलमधील संशोधकांनी दाखवले आहे.

उत्पादकांनी प्रतिकारक्षम वाण आणले, तोवर युरोपात विषाणूने मूळ धरले होते. १ जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघाने त्याला समूळ उच्चाटनाच्या यादीतून काढले. बियाणे आणि रोपे त्यापासून मुक्त असण्याची अट मात्र कायम आहे. शेतातून तो घालवता येत नाही, निदान बियाण्यातून नव्याने जाऊ नये, असा या बदलाचा अर्थ.

ऑस्ट्रेलियाने काकडीवर्गीय पिकांत हाच अनुभव आधी घेतला. ‘क्युकंबर ग्रीन मॉटल मोझॅक व्हायरस’ हा काकडीवरील हिरवा मोझॅक इंग्लंडमध्ये १९३५ पासून माहीत असलेला विषाणू. भारतातही दुधी भोपळ्यावर त्याची नोंद जुनी आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील कलिंगडांत आढळला. बाहेरून बरे दिसणारे फळ आतून पिवळसर, पोकळ आणि खाण्याअयोग्य निघू लागले. शेते बंद करण्यात आली, पिके नष्ट झाली. तरी २०१५ मध्ये उच्चाटन शक्य नसल्याचा निष्कर्ष काढावा लागला आणि त्याच वर्षी क्वीन्सलँडमध्येही तो सापडला. त्यानंतर ऑस्ट्रेलियाने काकडीवर्गीय बियाण्याच्या आयातीसाठी प्रत्येक लॉटमधील ९,४०० बियांची तपासणी सक्तीची केली.

क्रॉसिंगचे हात

भारताच्या दृष्टीने या विषयाला दुहेरी महत्त्व आहे. देश भाजीपाल्याचे बियाणे आयात करतो आणि संकरित बियाणे तयार करून परदेशी पाठवतोही. कर्नाटकातील राणेबेन्नूर परिसर, महाराष्ट्रातील जालना आणि लगतच्या बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा भागातील शेडनेट ही या उत्पादनाची ओळखीची ठिकाणे. टोमॅटो, मिरची, वांगी यांचे संकरित बी हाताने होते. मादी झाडाची कळी उमलण्याआधी चिमट्याने उघडून पुंकेसर काढायचे आणि नंतर नर वाणाचे पराग लावायचे. या कामाला तिथे ‘क्रॉसिंग’ म्हणतात आणि ते बहुतांशी स्त्रिया करतात. एक मजूर दिवसात शेकडो फुलांना स्पर्श करते. टोबॅमो विषाणूला याहून सोयीचे वाहन मिळणार नाही. एका झाडाचा रस चिमट्याला लागला की तो पुढच्या सगळ्या फुलांपर्यंत जातो, आणि इथे फळ म्हणजेच बियाणे असते.

म्हणून बीजोत्पादन शेडनेटमध्ये ओळीनिहाय वेगळी हत्यारे, दारात पाय व हात निर्जंतुक करण्याची सोय आणि बाहेरचे कपडे न चालणे हे नियम कंपन्या घालून देतात. साबणाने हात धुणे आणि साय काढलेल्या दुधात हात किंवा हत्यार बुडवणे, हे टोबॅमो विषाणूंविरुद्ध जुने आणि तपासलेले उपाय आहेत. तळहातावर तंबाखू मळून तसेच रोपांना हात लावणे धोक्याचे, ही सूचना मात्र अनेकदा विनोद समजली जाते. तिला आधार आहे: प्रक्रिया केलेल्या तंबाखूतही मोझॅकचे विषाणू जिवंत राहू शकतात आणि टोमॅटो, मिरची ही तंबाखूच्याच कुळातील पिके आहेत.

टरफलावरील विषाणूसाठी बियाणे प्रक्रियाही आहेत. टोमॅटोचे बी गरापासून आम्लाने वेगळे करणे, ट्रायसोडियम फॉस्फेटच्या दहा टक्के द्रावणात बुडवून धुणे, किंवा चांगले वाळवलेले बी कोरड्या उष्णतेत ठेवणे या पद्धती वापरल्या जातात. काकडीवरील हिरव्या मोझॅकसाठी ७२ अंश सेल्सिअसला तीन दिवस ही मात्रा प्रचलित आहे. बीमध्ये ओल राहिली असेल तर एवढ्या उष्णतेत विषाणूबरोबर उगवणही जाते, त्यामुळे हे काम घरच्या ओव्हनमध्ये करण्यासारखे नाही. टरफलाच्या आत खोल गेलेला अंश धुण्याने पूर्ण निघत नाही.

तपासणीचा पेच

प्रयोगशाळेत बिया दळून त्यांचा अर्क तपासला जातो. १९७७ पासून वापरात आलेली एलायझा पद्धत विषाणूचे प्रथिन ओळखते. आरटी-पीसीआर त्याचा जनुकीय अंश शोधते आणि कितीतरी पट संवेदनशील असते. टोमॅटो व मिरचीत टोबॅमो विषाणूंसाठी तीन हजार बियांचा नमुना हे सर्वमान्य प्रमाण आहे. संकरित टोमॅटोच्या दहा ग्रॅमच्या पाकिटात साधारण तेवढ्याच बिया असतात. म्हणजे महागड्या बियाण्याचे एक पाकीट दरवेळी दळले जाते.

खरा पेच निकालानंतर सुरू होतो. पीसीआरला विषाणू जिवंत आहे की उष्णतेने निकामी झाला आहे, हे कळत नाही. प्रक्रिया केलेल्या बियाण्याचा अहवाल ‘आढळला’ असा येतो आणि निर्यातीचा माल बंदरात अडकतो. अशा वेळी अर्क तंबाखूवर्गीय निर्देशक झाडाच्या पानावर चोळून पाहिला जातो. विषाणू सक्रिय असेल तर काही दिवसांत पानावर मृत ठिपके उमटतात. फ्रान्सिस होम्स यांनी १९२९ मध्ये सुचवलेली ही चाचणी नव्वदहून अधिक वर्षांनंतरही शेवटचा शब्द मानली जाते. तिला वेळ लागतो, आणि पेरणीचा हंगाम वाट पाहत नाही.

भारतात परदेशातून संशोधनासाठी येणारे जननद्रव्य नवी दिल्लीतील राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्युरोत तपासले जाते. व्यापारी आयातीवर फरिदाबाद येथील वनस्पती संरक्षण, विलगीकरण व साठवण संचालनालय २००३ च्या आदेशानुसार देखरेख ठेवते. देशांतर्गत चित्र अधिक सैल आहे. बियाणे कायदा १९६६ अन्वये प्रमाणीकरण ऐच्छिक आहे. प्रमाणित टोमॅटो बियाण्यासाठी शेत-पाहणीत तंबाखू मोझॅकसह बीजवाहित रोगांनी ग्रस्त झाडांची मर्यादा पायाभूत बियाण्यात ०.१ आणि प्रमाणित बियाण्यात ०.५ टक्के ठरवून दिली आहे. ही मर्यादा झाड डोळ्यांनी पाहून मोजली जाते. लक्षणे न दाखवणारे झाड तीत येत नाही. खासगी संकरित भाजीपाला बियाणे बहुतांशी उत्पादकाच्या स्वतःच्या हमीच्या लेबलखाली विकले जाते.

दोष कोणाचा

प्रत्येक विषाणूचे खापर बियाण्यावर फोडणेही बरोबर नाही. भेंडीवरील केवडा आणि मिरचीचा चुरडा-मुरडा घडवणारे विषाणू पांढरी माशी पसरवते. या बेगोमो गटातील काही विषाणू बियाण्यातून जातात, असे दावे गेल्या दशकात झाले; परंतु इतर प्रयोगशाळांना त्यांपैकी काहींची पुष्टी करता आलेली नाही आणि मतभेद कायम आहे. अशा रोगात बियाणे बदलून भागत नाही, माशी रोखावी लागते.

२०२० च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील अनेक भागांत टोमॅटो वेडेवाकडे रंग घेऊन पिकू लागले. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा विषाणू’ असे नाव दिले आणि रोष बियाणे कंपन्यांकडे वळला. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील तपासणीनंतर काकडी मोझॅक विषाणूचे नाव पुढे आले. हा विषाणू काही पिकांत बियाण्यातून जातो, पण टोमॅटोत त्याचा मुख्य प्रसार माव्याकडून होतो. नुकसान खरे होते; ते कोणत्या वाटेने आले, हे पीक उभे असतानाच तपासले गेले तर सांगता येते.

भरपाईच्या दाव्यात नेमकी हीच अडचण येते. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक असून तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो, असा निर्णय दिला. शेतकरी आणलेले सगळे बी पेरतो, तपासणीसाठी नमुना राखून ठेवील अशी अपेक्षा करता येत नाही, असेही न्यायालयाने नमूद केले. बियाणे नियम १९६८ नुसार विकलेल्या प्रत्येक लॉटची नोंद विक्रेत्याने तीन वर्षे ठेवायची असते आणि त्या लॉटचा नमुना पूर्ण विक्रीनंतर वर्षभर टाकून देता येत नाही. त्या नमुन्यापर्यंत पोहोचण्यासाठी शेतकऱ्याच्या हाती लागतो तो पाकिटावरील लॉट क्रमांक आणि खरेदीची पावती.